जाड तेल की पातळ तेल?

पेट्रोल पंपावर किंवा गॅरेजमध्ये इंजिन ऑइलचे डबे रांगेने मांडलेले असतात. त्यांवर २०डब्ल्यू-४०, १०डब्ल्यू-३०, ५डब्ल्यू-३० असे आकडे छापलेले दिसतात. घरात स्कूटर किंवा मोटरसायकल असलेल्या बहुतेक मुलांनी हे आकडे पाहिलेले असतात. त्यांचा अर्थ विचारला, तर दोन-तीन उत्तरे हमखास मिळतात. 'डब्ल्यू म्हणजे वेट', 'चाळीस म्हणजे चाळीस अंश तापमान' आणि 'मोठा आकडा म्हणजे जाड तेल, आणि जाड तेल म्हणजे इंजिनाला जास्त संरक्षण'. यांतील पहिली दोन उत्तरे चूक आहेत. तिसरे अर्धे बरोबर आहे, आणि म्हणूनच ते अधिक घोटाळा करते.

असे अर्धसत्य तपासून पाहायचे असेल, तर जेथे चूक चटकन महागात पडते असे उदाहरण घ्यावे. शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवर पळवली जाणारी स्पोर्ट्स कार हे तसे उदाहरण आहे. तेथे तेलाची निवड चुकली, तर काही मिनिटांत इंजिन निकामी होऊ शकते.

एकच गाडी, दोन तेले

अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीची शेव्हरोले कॉर्व्हेट ही प्रसिद्ध स्पोर्ट्स कार केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन येथे तयार होते. तिची सातवी पिढी २०१४ ते २०१९ या मॉडेल-वर्षांची. तिला ६.२ लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन होते. तिकडे अनेक मालक एरवी रस्त्यावर वापरायची हीच गाडी सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर नेतात, वीस-पंचवीस मिनिटे तुफान वेगाने चालवतात आणि त्याच गाडीने घरी परततात.

या गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत सुरुवातीच्या वर्षांत एक चमत्कारिक वाटणारी सूचना होती. रस्त्यावर ५डब्ल्यू-३० हे तेल वापरावे, ट्रॅकवर जाण्यापूर्वी ते काढून १५डब्ल्यू-५० भरावे आणि ट्रॅकवरून आल्यावर पुन्हा ५डब्ल्यू-३० भरावे, अशी ती सूचना. २०१९ च्या मॉडेलपासून मात्र कंपनीने दोन्ही कामांसाठी ०डब्ल्यू-४० हे एकच तेल सांगितले.

येथे तीन प्रश्न उभे राहतात. एकाच इंजिनाला दोन तेले कशासाठी? जाड तेल ट्रॅकवर चालते, तर तेच कायम का ठेवायचे नाही? आणि २०१९ मध्ये एकाच तेलावर काम कसे भागले? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ आपोआप उलगडेल.

वंगण नेमके काय करते?

बैलगाडीच्या आसाला वंगण घातले की चाक करकरत नाही, हे खेड्यातल्या मुलांना माहीत असते. वंगण 'बुळबुळीत' असते म्हणून घर्षण कमी होते, एवढ्यावर आपण सहसा थांबतो. खरी गोष्ट १८८३ मध्ये बोचँप टॉवर या इंग्रज अभियंत्याच्या प्रयोगांतून पुढे आली. रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगचे घर्षण तो मोजत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगला वरच्या बाजूने भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. भोकात बसवलेले बूचही बाहेर फेकले गेले. शेवटी तेथे दाबमापक लावला, तेव्हा तेलाचा दाब बेअरिंगवरील सरासरी दाबाच्या दुपटीहून अधिक भरला. आसावरचा भार धातूने नव्हे, तर तेलाने उचललेला होता!

ऑसबर्न रेनॉल्ड्स याने १८८६ मध्ये त्याचे गणित मांडले. फिरणारा आस बेअरिंगच्या बरोबर मध्यभागी नसतो, तो किंचित एका बाजूला असतो. त्यामुळे दोन पृष्ठभागांमधली फट पाचरीसारखी निमुळती होत जाते. आस स्वतःबरोबर तेल ओढून या पाचरीत कोंबतो, तेथे दाब निर्माण होतो आणि आस तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. ओल्या रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या मोटारीचे चाक पाण्याच्या थरावर उचलले जाते, तसाच हा प्रकार आहे.

हा थर किती जाड राहील, हे तीन गोष्टींवर ठरते. वेग वाढला की थर जाड होतो, भार वाढला की पातळ होतो आणि तेलाची श्यानता वाढली की पुन्हा जाड होतो. श्यानता म्हणजे द्रवाच्या थरांनी एकमेकांवरून सरकण्याला केलेला विरोध. बोलताना आपण तिला दाटपणा किंवा जाडपणा म्हणतो. भरधाव इंजिनात हा थर सर्वांत अरुंद जागी एक-दोन मायक्रॉनच उरतो. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून कल्पना यावी. थर तुटला की धातूला धातू घासतो, बेअरिंगचा मऊ पृष्ठभाग वितळू लागतो आणि इंजिन जागीच अडकते.

आकड्यांचा अर्थ

अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह एंजिनिअर्स या संस्थेने १९११ मध्ये तेलांची श्यानतेनुसार वर्गवारी सुरू केली. तिच्यात पुढे अनेक सुधारणा झाल्या. डब्यावरचे आकडे या वर्गवारीचे आहेत. ते अंशही नाहीत आणि वजनही नाही, ती केवळ वर्गांची नावे आहेत.

डब्ल्यू हे इंग्रजीतील 'विंटर' म्हणजे हिवाळा या शब्दाचे आद्याक्षर. त्याच्या आधीचा आकडा गारठ्यातली वागणूक सांगतो. ०डब्ल्यू तेल उणे ३५ अंश सेल्सिअसला, ५डब्ल्यू उणे ३० अंशांना आणि १५डब्ल्यू उणे २० अंशांना ठरलेल्या मर्यादेपेक्षा दाट होता कामा नये. आकडा जितका लहान, तितक्या कडक थंडीत इंजिन सुरू होते.

दुसरा आकडा तापलेल्या तेलाचा. १०० अंश सेल्सिअसला मोजलेली श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असेल तर वर्ग ३०, १२.५ ते १६.३ असेल तर ४० आणि १६.३ ते २१.९ असेल तर ५०. साध्या पाण्याची श्यानता २० अंशांना सुमारे १ सेंटिस्टोक असते. म्हणजे तापलेले इंजिन ऑइल गार पाण्याच्या दहा-वीस पटच दाट असते. आपल्याला डब्यातून ओतताना दिसते त्यापेक्षा ते कितीतरी पातळ झालेले असते.

एका बेअरिंगचा हिशेब

आता इंजिनाच्या आत डोकावू. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमधील भागाचा व्यास ६५ मिलिमीटर आहे आणि तो मिनिटाला ६,००० फेरे घेतो, असे समजा. म्हणजे सेकंदाला १०० फेरे. परीघ सुमारे २०.४ सेंटिमीटर, म्हणून पृष्ठभागाचा वेग सेकंदाला २०.४ मीटर झाला. तो ताशी सुमारे ७३ किलोमीटर भरतो. फट समजा सरासरी २५ मायक्रॉनची. एवढ्याशा फटीत तेलाचा एक थर स्थिर आणि समोरचा ताशी ७३ किलोमीटरने पळणारा! वेगाला फटीने भागले तर दर सेकंदाला सुमारे ८ लाख हा आकडा येतो. तेल किती जोराने फाडले जाते, याचे हे माप आहे. त्याला कर्तन-त्वरा म्हणू.

हा हिशेब महत्त्वाचा आहे, कारण १०० अंशांना शांतपणे नळीतून वाहू देऊन मोजलेली श्यानता बेअरिंगमधली खरी स्थिती सांगत नाही. म्हणून वर्गवारीत आणखी एक कसोटी आहे. १५० अंश सेल्सिअसला आणि सेकंदाला दहा लाख एवढ्या कर्तन-त्वरेला श्यानता मोजतात. आपल्या हिशेबातील आकडा याच्या जवळचाच आहे. या कसोटीत ३० वर्गाच्या तेलाची श्यानता निदान २.९ मिलिपास्कल-सेकंद हवी, ०डब्ल्यू-४० ची निदान ३.५ आणि ५० वर्गाची निदान ३.७. ट्रॅकसाठी तेल निवडणारे जाणकार डब्यावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा तेलाच्या माहितीपत्रकातील हा आकडा आधी पाहतात.

याच हिशेबातून उष्णताही काढता येते. श्यानता ३.५ मिलिपास्कल-सेकंद आणि बेअरिंगची रुंदी २० मिलिमीटर धरली, तर तेलाच्या अंतर्गत घर्षणाचे बल सुमारे ११.७ न्यूटन येते. त्याला वेगाने गुणले की सुमारे २४० वॅट शक्ती मिळते. अशी पाच मुख्य बेअरिंगे धरली, तर १,२०० वॅट झाले. बादलीत पाणी तापवायला सोडतो त्या हीटरएवढी उष्णता केवळ या पाच फटींत निर्माण होते. पिस्टन, कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे आणि ज्वलनाची उष्णता यांचा हिशेब निराळाच. म्हणजे तेलाचे दुसरे मोठे काम ही उष्णता वाहून नेणे हे आहे.

तापमान बदलले की तेल बदलते

रस्त्यावर इंजिनाच्या ताकदीचा थोडाच भाग वापरला जातो. तेथे चेंबरमधले तेल साधारण ९० ते ११० अंशांच्या आसपास राहते. ट्रॅकवर मात्र अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो, आणि तेल १३० अंशांपर्यंत किंवा त्याहूनही वर जाऊ शकते. येथेच कळीचा मुद्दा आहे. तापमान वाढले की तेलाची श्यानता झपाट्याने कमी होते.

नेहमीच्या कृत्रिम, म्हणजे सिंथेटिक, तेलांचे ठोकळ आकडे घेऊन हिशेब केला तर असे चित्र दिसते. ५डब्ल्यू-३० तेलाची श्यानता २० अंशांना सुमारे १६० सेंटिस्टोक, १०० अंशांना ११, ११० अंशांना ९ आणि १३० अंशांना जेमतेम ६. १५डब्ल्यू-५० ची २० अंशांना सुमारे ३५०, १०० अंशांना १७-१८ आणि १३० अंशांना ९ च्या थोडी वर.

आता ५डब्ल्यू-३० चा ११० अंशांचा आकडा आणि १५डब्ल्यू-५० चा १३० अंशांचा आकडा शेजारी ठेवून पाहा. दोन्ही जवळजवळ सारखेच आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले. ट्रॅकवर 'जाड' तेल भरले जाते, ते इंजिनाला जाड तेल मिळावे म्हणून नव्हे. रस्त्यावर जेवढ्या श्यानतेचे तेल मिळते, तेवढ्याच श्यानतेचे ट्रॅकवरच्या उष्णतेतही मिळावे म्हणून. इंजिनाची गरज बदललेली नाही, तापमान बदलले आहे.

मग जाड तेल कायमच का नको?

दुसरा प्रश्न. सकाळी गार इंजिन सुरू केले, तर १५डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० च्या दुपटीहून दाट असते. ते पंपातून बारीक वाटांमधून वर चढायला वेळ लागतो आणि झीज होण्याचा धोका याच वेळी असतो. केंटकीतील हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, तेव्हा हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. शिवाय वरच्या हिशेबाप्रमाणे श्यानता चौथाईने वाढवली, की त्याच वेगाला घर्षणाची उष्णताही चौथाईने वाढते. ती उष्णता शेवटी पेट्रोल जाळूनच येते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जाड तेल भरले की गाडीतील ऑइल प्रेशरचा काटा वर चढतो आणि मालक खूश होतो. पण हा दाब पंपाने तेल ढकलताना वाटेत झालेल्या विरोधाचा आहे. भार उचलणारा दाब पंपाने नव्हे, तर टॉवरला दिसला त्याप्रमाणे फिरणाऱ्या दांड्यानेच पाचरीत निर्माण होतो, आणि तो पंपाच्या दाबाच्या अनेक पट असतो. पंपाचे काम पाचरीपर्यंत पुरेसे तेल पोहोचवणे. दाट तेलाने काटा चढला, पण बेअरिंगमधून वाहणारे तेल कमी झाले, तर उष्णता वाहून नेण्याचे काम मागे पडते. काटा अगदीच खाली आला तर धोका खरा, पण काटा जितका वर तितके संरक्षण जास्त, हे खरे नाही.

एका तेलात दोन गुण

तिसरा प्रश्न रसायनशास्त्राचा आहे. तापमानाबरोबर कमी बदलणारे तेल बनवायचे कसे? एक उपाय म्हणजे मूळ तेलच चांगले घ्यायचे. खनिज तेलात नाना आकारांचे रेणू असतात. कृत्रिम तेलाचे रेणू ठरवून घडवलेले असल्याने ते थंडीत गोठत नाहीत आणि उष्णतेत लवकर उडून जात नाहीत. दुसरा उपाय म्हणजे लांब साखळीचे बहुवारिक रेणू मिसळायचे. ते थंडीत गुंडाळी होऊन पडतात आणि तापल्यावर उलगडतात. त्यामुळे उष्णतेत तेल अपेक्षेइतके पातळ होत नाही.

पण या बहुवारिकांना मर्यादा आहे. जबरदस्त कर्तनात लांब साखळ्या प्रवाहाच्या दिशेने सरळ होतात आणि त्यांचा उपयोग तात्पुरता कमी होतो. काही साखळ्या तर कायमच्या तुटतात. म्हणून दोन आकड्यांत मोठे अंतर असलेले प्रत्येक तेल ट्रॅकला योग्य असते असे नाही. ते अंतर चांगल्या मूळ तेलाने साधले की नुसत्या बहुवारिकांनी, हे महत्त्वाचे. दोन्हींचा मेळ चांगला साधलेले ०डब्ल्यू-४० गारठ्यात ५डब्ल्यू-३० पेक्षाही सहज वाहते, आणि उष्ण बेअरिंगच्या कसोटीत त्याची किमान मर्यादा ५० वर्गाच्या अगदी जवळ असते. एकाच तेलाने दोन्ही कामे होण्यामागे हे कारण आहे.

तेलात इतर द्रव्येही असतात. जस्त आणि फॉस्फरस असलेले एक संयुग धातूवर संरक्षक थर धरते. तेलाचा थर क्षणभर तुटला, तर हा थर इंजिनाला वाचवतो. निव्वळ शर्यतीच्या तेलात ते जास्त घालतात. पण फॉस्फरसमुळे धुराड्यातील उत्प्रेरक निकामी होत जातो, म्हणून रस्त्यावरच्या गाड्यांच्या तेलात त्याच्यावर मर्यादा असते. 'शर्यतीचे तेल' असे लिहिलेला डबा रोजच्या गाडीला चांगलाच, हा निष्कर्षही त्यामुळे चुकतो.

उष्णतेचा आणखी एक परिणाम वाचकांनी लक्षात घ्यावा. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. ११० अंशांवरून १३० वर गेले, की तेलाचे ऑक्सिडीकरण सुमारे चौपट वेगाने होणार. पूर्वी शर्यतीच्या आणि विमानांच्या इंजिनांत एरंडेल वापरत. 'कॅस्ट्रॉल' हे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आले आहे. एरंडेल उष्णतेत उत्तम थर धरते, पण ऑक्सिडीकरणाने त्याचा चिकट राळेसारखा साका होतो, म्हणून ते मागे पडले. ट्रॅकवर वापरलेले तेल किलोमीटर कमी झाले तरी लवकर बदलावे लागते, ते याच कारणाने.

जो प्रश्न तेलाने सुटत नाही

ट्रॅकवरच्या वळणात चांगली स्पोर्ट्स कार गुरुत्वीय त्वरणाएवढे आडवे त्वरण सहन करते. अशा वेळी चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग किती कलेल? कलाच्या कोनाची टॅन्जंट म्हणजे आडवे त्वरण भागिले गुरुत्वीय त्वरण. येथे ती १ आहे, म्हणून कोन ४५ अंश! तेल एका बाजूच्या भिंतीवर चढते आणि पंपाच्या नळीचे तोंड उघडे पडून ती हवा ओढू लागते. हवेचे बुडबुडे भार पेलू शकत नाहीत. जगातले सर्वांत महाग तेल भरले तरी ते बेअरिंगपर्यंत पोहोचलेच नाही, तर त्याचा काय उपयोग?

यावर उपाय यंत्ररचनेचा आहे. चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या बसवतात किंवा तेल वेगळ्या उंच टाकीत साठवून तेथून पंपाला देतात. कॉर्व्हेटच्या याच पिढीत ट्रॅकचा विचार करून दिलेल्या झेड५१ या पर्यायात अशी वेगळी टाकी होती. तेलाची पातळी नीट ठेवणे हे मालकाच्या हातात असते. ती कमी असली तर हवा लवकर ओढली जाते, जास्त असली तर क्रँकशाफ्ट तेल घुसळून त्याचा फेस करते.

निवडीचा क्रम

एवढ्या चर्चेनंतर निवडीचा क्रम सहज सांगता येतो. आधी उत्पादकाची पुस्तिका पाहावी, कारण फटी आणि पंप यांची मापे त्यालाच ठाऊक असतात. मग तेलाचे प्रत्यक्ष तापमान मोजावे. ते रस्त्यावरच्या पातळीतच राहत असेल, तर तेल बदलायचे कारण नाही. ते फार वर जात असेल तर आधी तेल थंड करण्याची सोय पाहावी, आणि मग पुस्तिकेने परवानगी दिलेल्यांपैकी उष्ण कसोटीत सरस असलेले तेल घ्यावे. इंजिन गार असताना ते जोराने पळवू नये. आपल्याकडील दुचाकींना हाच क्रम लागू आहे, फक्त एक भर घालून. बहुतेक मोटरसायकलींत क्लचही त्याच तेलात बुडालेला असतो. त्यामुळे घर्षण कमी करणारी द्रव्ये असलेले मोटारीचे तेल त्यात भरले, तर क्लच घसरू शकतो.

वर्गात करून पाहण्यासाठी

१० मिलिलिटरच्या दोन नव्या सिरिंज घ्या. सुई आणि दट्ट्या काढून ठेवा. एक सिरिंज स्टँडला उभी लावून तोंड बोटाने बंद करा, इंजिन ऑइल भरा आणि बोट काढून तेल गळून जायला लागणारे सेकंद मोजा. नंतर तेच तेल परीक्षानळीत घेऊन ६०-७० अंशांच्या पाण्यात ठेवून तापवा आणि पुन्हा मोजा. या वेळी तोंड बोटाऐवजी टोपणाने बंद करावे. तेल थेट ज्योतीवर तापवू नये. दुसरी सिरिंज शेंगदाणा तेलासाठी वापरा. गार आणि गरम वेळांचे गुणोत्तर दोन्ही तेलांसाठी काढा. इंजिन ऑइल २०डब्ल्यू-४० असेल, तर त्याचे गुणोत्तर मोठे येईल.

मग मुलांना विचारा: खाण्याचे तेल तापमानाबरोबर कमी बदलते, तर ते इंजिनात का घालत नाहीत? उत्तर एरंडेलाच्या गोष्टीत आहे, आणि घरातल्या भजी तळायच्या जुन्या कढईच्या काठावरही आहे. प्रयोगानंतर उरलेले इंजिन ऑइल मोरीत ओतू नये. ते बाटलीत साठवून गॅरेजमधील जुन्या तेलाच्या पिंपात द्यावे.